कणी

पष्टेंनी खिशातून मूठभर भात काढून
सरफेस प्लेटवर ओतलं. म्हणाले, बघा.
शंभर दाणे मोजले. एकवीस तुटके, सोललेले.
रबाळ्याच्या शेडमध्ये, भर शिफ्टमध्ये,
लेथ बंद करून आम्ही चौघं
चिमट्यानं दाणे निवडत बसलो
सराफासारखे.

यंत्र बाहेर, ट्रेलरवर.
मुरबाडहून रातोरात आणलेलं.
गल्लीत वळेना,
शेजारच्या रंगवाल्याचं गेट बिजागरीतून काढावं लागलं.

झाकण उघडून मी आत शिरले.
पत्र्याच्या पोटात आडवा रोटर, माझ्याहून लांब,
अंगभर खाचांच्या पट्ट्या.
गव्हासाठी घडवलेला आहे हा.
गहू सुका येतो, ताठ येतो, मुकाट मोडतो.
इथलं भात कापतात तेव्हा पेंढ्यात अजून पाणी असतं;
तो दोरासारखा वळत जातो, रोटर गुदमरतो,
चालक घाबरून वेग वाढवतो
आणि दाणा, जो केव्हाच सुटला होता,
बाहेरची वाट न सापडल्यानं
आणखी तीन फेरे मार खातो.

पहिली चूक माझीच.
मी फट आवळली.
टेम्पोभर पेंढ्या आणलेल्या, ट्रॅक्टरसारखा धूर काढत
यंत्र जागेवरच धडधडलं,
समोरच्या काचेच्या इमारतीतला गार्ड शिंकून शिंकून बेजार,
आणि कणी निघाली अठ्ठावीस.
पष्टे काही बोलले नाहीत.
चहा मात्र अर्धा ठेवला.

हाशाकाका रात्रपाळीचे. गोठिवलीचे.
त्या दिवशी लवकर आले होते, का ते माहीत नाही.
एक लोंबी उचलली, दोन तळव्यांत धरली,
तळवे फिरवले, फुंकर मारली.
हातावर दाणे. अख्खे.
"दाना मारून नाय सुटाचा, पोरी. घासून सुटाचा.
भातानंच भात मलाचं."
आणि टाइमकार्ड पंच करायला गेले.

त्या रात्री मी ड्रॉइंगवर रबर जास्त चालवलं, पेन्सिल कमी.
खालच्या जाळीची एकाआड एक तार काढली,
सुटलेल्याला लगेच पडता यावं म्हणून.
सहा पट्ट्या कापल्या, जागी बोथट दाते,
पेंढा विंचरला जाईल असे, मळसूत्राच्या वळणानं.
वरच्या पत्र्यातली पाती थोडी तिरकी केली.
वेग नऊशेवरून साडेसहाशे.
इरफाननं वेल्डिंग केलं, मी बॅलन्स बघितला;
एका बाजूला चाळीस ग्रॅम जड येत होतं,
ते घासता घासता उजाडलं.

पुन्हा पेंढ्या. पुन्हा धूर.
आवाज बदलला होता. आधी आदळत होता,
आता जात्यासारखी घरघर.
शंभरात चार.
मागे ताडपत्री अंथरलेली; तिथं चौकटीत मोजलं
तर नऊ दाणे सांडलेले. आधी पाच होते.
हे मी पष्टेंना सांगितलं, लपवलं नाही.
एक हातचं सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही,
अजून तरी मला येत नाही.
त्यांनी नऊ दाणे उचलून खिशात टाकले.
म्हणाले, आडवं पडलेलं भात घातल्यावर बघू.
चहा पूर्ण प्यायले.

ट्रेलर गेल्यावर काका झाडू घेऊन आले.
झाडायचं असतं गेटकडे, कचऱ्याच्या डब्याकडे;
ते कडेकडून आत झाडत राहिले,
गोल, अंगणाच्या मधोमध,
ढीग झाल्यावर भोवती एकदा फिरले
आणि मग आठवल्यासारखं
फावडं आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी हाइट गेज चुकू लागलं.
जॉब पावणेदोन मिलिमीटर उंच दाखवत होतं.
दोनदा झिरो केलं. इरफानला हाक मारली.
शेवटी जॉबच उचलून बघितला.
खाली एक दाणा.
अख्खा.